उलटी न लावलेली प्लेट

हेडविग टॉलेफसनला कुणी विचारलं, "बाई, तुम्ही कॉलेजच्या वेधशाळेत करता तरी काय?" तर ती म्हणायची, "मोजते." झालं. त्यापुढे चकार शब्द नाही. नॉर्डबी गाव बोलूनचालून नॉर्वेकरांचं. मिनेसोटाच्या थंडीत तोंड उघडलं की ऊब जाते अशी आमची समजूत. पण हेडविग आमच्यातही घुमी. तिची धाकटी बहीण बोर्गहिल्ड मात्र दोघींच्या वाटचं एकटीच बोलून टाकायची. बोर्गहिल्डचा नवरा वारला तेव्हापासून दोघी एकाच घरात राहत होत्या आणि ते घर हेडविगच्या पगारावर चालत होतं.

चौतीस वर्षं हेडविग एकाच खुर्चीवर बसली. दुर्बिणीतून बघणारे लोक वेगळे. ते रात्री जागतात, दुपारपर्यंत घोरतात आणि जेवताना आपण काय पाहिलं ते मिटक्या मारत सांगतात. हेडविगचं काम दिवसाउजेडी, तळमजल्यावर. दुर्बिणीने टिपलेलं आकाश काचेच्या प्लेटवर उमटतं. काळा ठिपका म्हणजे तारा. ती प्लेट मापनयंत्रात बसवायची, उजवा डोळा भिंगाला लावायचा, स्क्रू फिरवत कोळ्याच्या जाळ्याचा ताणून बसवलेला तंतू ठिपक्याच्या बरोबर मधोमध आणायचा आणि चकतीवरचा आकडा शाईने वहीत लिहायचा. असं चार वेळा. मग पुढचा ठिपका. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्लेटवर तो ठिपका कुठे होता आणि आज कुठे आहे, यातला फरक केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाइतका. तेवढ्यावरून तारा कुठून कुठे निघालाय ते कळतं. जगात याहून कंटाळवाणं काम नसेल, पण हेडविगला ते आवडायचं आणि तिला ते यायचं.

आता यात एक मेख आहे. मंद ताऱ्याचा ठिपका सुईच्या टोकाएवढा. त्याचा मध्य कुणालाही सापडतो. पण तेजस्वी ताऱ्याचा ठिपका फुगलेला असतो, आणि त्याचा मध्य शोधताना प्रत्येकाचा डोळा थोडा तरी एकीकडे झुकतो. कुणाचा डावीकडे, कुणाचा उजवीकडे. तारा जितका तेजस्वी तितका हा कल मोठा. म्हणून मोजणाऱ्यांचा पहिला धडा असा की प्लेट आधी सुलटी मोजायची, मग डोकं खाली पाय वर करून पुन्हा मोजायची. कल एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्हींची सरासरी काढली की फिटंफाट.

हेडविगचा कल मात्र इतका ठाम की वर्षानुवर्षं तसूभर हलला नाही. संचालक डॉक्टर प्रुइट यांनी १९३८ साली फर्मान काढलं: टॉलेफसनबाईंनी प्लेट उलटी लावण्यात वेळ घालवू नये, त्यांच्या मोजमापातून ताऱ्याच्या तेजाप्रमाणे तक्त्यात दिलेला आकडा वजा करावा. तो तक्ता तिच्या यंत्रामागच्या भिंतीवर टाचला गेला. देशातल्या दुसऱ्या कुठल्या मोजणाऱ्याला असा मान मिळाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. हेडविगने त्याबद्दल कधी ब्र काढला नाही, पण तिला त्याचा अभिमान होता, चांगला घसघशीत अभिमान होता.

१९५६च्या मार्चमध्ये, एका रविवारी चर्चमध्ये, तिला मेणबत्तीच्या ज्योतीला डावीकडे एक शेपूट दिसलं. तिने डावा डोळा मिटला, शेपूट होतंच. उजवा मिटला, गेलं. ती प्रार्थना संपेपर्यंत गप्प बसली आणि घरी जाऊन डोळे धुतले. सोमवारी दुकानातून थेंब आणले. डॉक्टरकडे मात्र गेली नाही, कारण डॉक्टर काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. वय अठ्ठावन्न. मोजणारीचा डोळा गेला की खुर्ची गेली, आणि डावा डोळा लहानपणापासूनच अधू.

शिवाय एप्रिलपासून तिची यादी सुरू व्हायची होती. सहाशे ताऱ्यांच्या गतींची यादी, आणि मुखपृष्ठावर नाव हेडविग टॉलेफसनचं. तोवर चौतीस वर्षांत तिचं नाव छापून आलं होतं ते फक्त तळटिपांत, 'मोजमापाबद्दल आभार' म्हणून. तिने स्वतःला बजावलं, एवढं होऊ दे. सप्टेंबरात यादी पुरी झाली, नाताळच्या आत छापून जगभरच्या वेधशाळांना गेली. एकानेही चूक काढली नाही. तेव्हा तिला वाटलं, सुटले.

पण सुटणं इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

पुढच्या फेब्रुवारीतला सोमवार. डॉक्टर एव्हरेट स्कोगलंड जिने धडाधड उतरत आला. हा पस्तिशीतला स्वीडिश माणूस, म्हणजे आमच्या गावात दीड वर्ष राहूनही परकाच. पण मनाचा मोकळा. नोकरी जूनपर्यंतचीच, बायकोला सातवा महिना. त्याचा विषय होता मृगातल्या तेजोमेघाजवळचे नऊ तारे. सूर्याच्या वीस-वीस, तीस-तीस पट जड, आणि ताऱ्यांच्या हिशेबात कालची पोरं; ज्या ढगात जन्मली त्याच्या उंबऱ्यावरच अजून उभी. ती उभीच आहेत की कुठे निघाली आहेत, हे त्याला हवं होतं. जुन्या प्लेटचे आकडे हेडविगने पूर्वीच, तरुणपणी, दोन्ही बाजूंनी घेऊन ठेवलेले. नवी प्लेट तिने नोव्हेंबरात मोजली. एकाच बाजूने.

"मिस टॉलेफसन, नीट बसलाय ना? नाहीतर पडाल!"

"मी बसलेलीच असते, डॉक्टर."

"मग हे बघा." त्याने कागद तिच्यासमोर आपटला. "सगळ्यांत तेजस्वी तो सगळ्यांत जड. आणि तोच सगळ्यांत जोरात पळतोय! त्याच्या खालचा जरा हळू. त्याच्या खालचा आणखी हळू. नववा जवळपास जागच्या जागी. शिडी आहे हो, शिडी! आणि सगळेच्या सगळे पूर्वेकडे. जितका जड तितका पळपुटा. शुक्रवारी शिकागोत, खगोलवाल्यांच्या सभेत, वाचतोय. प्रुइटसाहेब तर कालच पुढे गेलेत. ते म्हणाले, हे टिकलं तर जूनची चिंता सोडा."

"अभिनंदन," हेडविग म्हणाली.

"माझं कसलं? आकडे तुमचे! तिथे पहिलं नाव तुमचंच घेणार आहे."

तो शीळ घालत वर गेला. हेडविगने कागद जवळ ओढला आणि आकडे पुन्हा वाचले. नऊ तारे, सगळे एकाच बाजूला, तेजाच्या क्रमाने. निसर्ग कधी असा मानपान बघून वागतो का? डोळा वागतो. मेणबत्तीचं शेपूट डावीकडे, आणि प्लेट सुलटी लावली की पूर्व डावीकडे. ढगापाशी कुणी पळत नव्हतं. तिचा स्वतःचा डोळा सरकला होता.

किंवा नसेलही. तिने स्वतःशी वाद घातला. नियम खराही असू शकतो, जगात चमत्कारिक गोष्टी खऱ्या निघतात. खात्री करायला रस्ता एकच होता आणि तो चौतीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शिकवलेला: प्लेट उलटी लावून बघ. सोमवारी दुपारी तिने कपाटाच्या मुठीला दोनदा हात लावला आणि दोनदा काढून घेतला. मंगळवारी तर दुसरंच काम काढून बसली.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना तिने बोर्गहिल्डला सांगितलं. सगळं नाही, नियमाचं आणि डोळ्याचं.

बोर्गहिल्डने बटाट्याची पोळी लोण्यासकट खाली ठेवली. "कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"मग कळू देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो स्वीडिश मोठा होतोय तर होऊ दे. सात वर्षं राहिलीत तुझ्या पेन्शनला, हेडा. सात! आपण खायचं काय, तारे?"

"चूक असली तर कधीतरी दुसरं कुणी मोजेलच."

"कधीतरी! तेव्हा आपण दोघी चर्चमागे जमिनीखाली असू. खा मुकाट्याने."

हेडविगने मुकाट्याने खाल्लं.

बुधवारी सकाळी आठला ती वेधशाळेत होती. स्कोगलंडची गाडी चार वाजून दहा मिनिटांची. तिने कपाटातून प्लेट काढली, कडेने धरून यंत्रात ठेवली, डोकं खाली, पाय वर. हाताच्या उबेने काच किंचित फुगते, म्हणून तासभर तिला हात लावायचा नाही हा नियम. तो तास हेडविगने भिंतीकडे तोंड करून काढला. नऊला डोळा भिंगाला लावला. पहिल्याच ताऱ्याला तंतू मध्यावरून सरकला. तिने तो आकडा खोडला आणि पुन्हा सुरुवात केली.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. प्लेट झाकायची तर तंतूला धक्का लागतो. ती तशीच बसून राहिली.

"मिस टॉलेफसन, चौथ्या ताऱ्याचं पान जरा..." स्कोगलंड थांबला. प्लेटच्या कोपऱ्यावरची चिठ्ठी त्याला उलटी दिसली. "हे काय? उलटी लावलीय?"

"सवय मोडू नये म्हणून."

तो हसला. "तुम्ही ना! तुमच्या डोळ्याला आणि सवय? तो तक्ता काय शोभेला आहे भिंतीवर?" पान घेऊन तो निघून गेला.

हेडविगच्या पाठीला घाम फुटला होता, बाहेर उणे वीस असताना. दीड वाजता शेवटचा तारा झाला. मग बेरजा-वजाबाक्या, हाताने, दोनदा पडताळून. डबा तसाच पडून राहिला. पावणेतीन वाजता नऊ आकडे एकाखाली एक उभे होते आणि शिडी नव्हती. सगळ्यांत जड तारा जागचा हलत नव्हता. बाकीचे थोडे इकडे, थोडे तिकडे, कुरणात सोडलेल्या गाईंसारखे. त्यात ना क्रम, ना दिशा. भिंतीवरचा तक्ता खोटा झाला होता. तिचा कल दुपटीहून जास्त वाढला होता.

तिला रडू आलं. एकटीच होती, म्हणून तिने ते येऊ दिलं. मग चष्मा पुसला आणि कागद घेऊन वर गेली.

स्कोगलंड बॅग भरत होता. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, खुर्चीवर बसला.

"हे काय आहे?"

"उलटी लावून मोजली. नियम नाहीये, डॉक्टर. माझा डोळा आहे तो."

"तुमचा डोळा!" त्याचा आवाज चढला. "अठरा वर्षं न हललेला डोळा नेमका माझ्याच ताऱ्यांना हलायचा होता? आणि आज? गाडी सुटायला तास राहिलाय आणि आज सांगताय?"

"सोमवारी शंका आली. धीर झाला नाही."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "ऐका. शुक्रवारपर्यंत गप्प बसा. मी वाचतो. नंतर महिन्याभराने दुरुस्तीची चिठ्ठी पाठवू. असं सगळे करतात. तुमची खुर्ची राहील, माझी नोकरी राहील. कुणाचं काय बिघडतं?"

"दोन्ही आकडे वहीत शाईने लिहिलेत," हेडविग म्हणाली. "वही मी लपवणार नाही. वाचायचं काय ते तुम्ही ठरवा."

"वा! म्हणजे फाशी माझ्याच हाताने घ्यायची." मग त्याने एकदम हळू विचारलं, "कधीपासून?"

इथे हेडविग घसरली. चौतीस वर्षांत एक आकडा खोटा न लिहिणारी बाई, पण तोंडातून निघून गेलं, "नोव्हेंबरपासून." कारण नोव्हेंबर म्हटलं की नऊ तारे जात होते. मार्च म्हटलं की सहाशे तारे आणि मुखपृष्ठावरचं नाव जात होतं. माणूस सगळं घर जळताना एक ट्रंक तरी बाहेर ओढतोच. मी तिला नावं ठेवणार नाही.

"म्हणजे नेमकं माझ्याच प्लेटपासून," स्कोगलंड म्हणाला. शिडीचा पहिला कागद आणि हा दुसरा, दोन्ही कोटाच्या खिशात कोंबून तो निरोप न घेता निघून गेला.

गुरुवार गेला. शुक्रवारी त्याची वेळ दुपारी दोनची होती. दोन वाजता हेडविग यंत्रासमोर नुसती बसून होती. तो काय वाचतोय? पहिला कागद वाचला तर? तिला स्वतःची लाज वाटली, कारण त्याने पहिलाच वाचावा असं तिच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता. मग कुणी डोळ्याचं विचारणार नाही, तारीख विचारणार नाही.

शनिवारी सकाळी घराची घंटा वाजली. बोर्गहिल्डने दार उघडलं तर स्कोगलंड, गुडघ्यापर्यंत बर्फ, दाढी वाढलेली, स्टेशनवरून थेट.

"आत या, डॉक्टर, नाहीतर घरात नदी व्हायची. बूट काढा. कॉफी घ्या." बोर्गहिल्ड रागावलेली असली तरी कॉफी देतेच, त्याला आमच्याकडे इलाज नाही.

तो टेबलाशी हेडविगसमोर बसला. "दुसरा वाचला," तो म्हणाला.

हेडविगने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला.

"गाडीत रात्रभर ठरवलं होतं पहिला वाचायचा. उभा राहिलो, खिशात हात घातला, आणि नाही जमलं. मी म्हटलं, सज्जनहो, छापलेल्या कार्यक्रमात एक नियम आहे, तो नियम नाहीये. मागच्या बाकावर दोघं हसले. प्रुइटसाहेब जमिनीकडे बघत होते." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "मग एक म्हातारे गृहस्थ उठले आणि विचारलं, चूक कुणाला सापडली? मी म्हटलं, जिची चूक तिलाच. तिने स्वतः प्लेट उलटी लावली. तेव्हा कुणी हसलं नाही."

"आणि जून?" बोर्गहिल्डने विचारलं.

"जूनचं जूनमध्ये." तो हेडविगकडे वळला आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "एक गोष्ट मात्र मी सांभाळली, मिस टॉलेफसन. त्यांनी लगेच विचारलं, मग टॉलेफसनबाईंच्या यादीचं काय? आम्ही ती रोज वापरतो. मी भर सभेत सांगितलं, यादी बावनकशी आहे. त्यांचा डोळा नोव्हेंबरात बिघडला, यादी सप्टेंबरातली. माझा शब्द आहे. प्रुइटसाहेबांनीही मान डोलावली. तुमचं नाव शाबूत आहे."

बोर्गहिल्डचा चेहरा उजळला. "देव भलं करो तुमचं! घ्या, पोळी घ्या, लोणी लावून देते."

हेडविग टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. बुधवारचं खोटं तिचं एकटीचं होतं. ते तिने कसंबसं गिळलं असतं. आता ते या माणसाने शंभर लोकांसमोर स्वतःच्या शब्दावर उचललं होतं, स्वतःची नोकरी पणाला लावून आल्यावर, आणि तिच्यावर उपकार म्हणून.

"मार्चपासून," ती म्हणाली.

"काय?"

"डोळा. नोव्हेंबरपासून नाही. गेल्या मार्चपासून. यादी सुरू करायच्या आधीपासून मला माहीत होतं. बुधवारी मी तुमच्याशी खोटं बोलले."

स्कोगलंडच्या हातातली पोळी तशीच राहिली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेडा, अगं वेडी का खुळी तू!" बोर्गहिल्ड ओरडली. "कुणी विचारलं होतं का तुला?"

"त्यांनी विचारलं होतं. बुधवारी."

हेडविग उठली. बाहेरच्या खोलीत गेली आणि यादीची त्यांच्या घरातली प्रत घेऊन आली. निळ्या पुठ्ठ्याची, बोर्गहिल्डने अख्ख्या चर्चला दाखवून कोपरे दुमडलेली. दौत घेतली, पट्टी घेतली. मोजणाऱ्यांत रीत अशी की ज्याचे आकडे त्यानेच खोडायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तिने पहिलं पान उघडलं आणि पट्टी टेकवली.

"निदान ही ठेव गं," बोर्गहिल्ड रडकुंडीला आली. "वेधशाळेतल्या खोड, जगाला पत्रं पाठव, काय हवं ते कर. पण ही आपली आहे. ही कोण बघतंय?"

"मी," हेडविग म्हणाली. तिने पहिली रेघ ओढली, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि स्कोगलंडला म्हणाली, "डॉक्टर, तुमचा डोळा चांगला आहे. सोमवारी आठला या, यादी नव्याने मोजायचीय. प्लेट उलटी कशी लावायची ते आधी शिकवते."